प्रतिमा रुग्णाची, वैद्य विश्वस्त

क्ष-किरण, सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. यांपैकी एखादी तपासणी करून आलेला रुग्ण आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात रोज येतो. वीस वर्षांपूर्वी त्याच्या काखेत मोठे खाकी पाकीट असे. आज त्याच्या हातात मोबाईल असतो आणि “डॉक्टर, सगळं यात आहे,” असे म्हणून तो मोबाईल आपल्यापुढे धरतो.

त्यात नेमके काय असते, हे आपण सहसा तपासत नाही. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून काढलेला एखादा फोटो, अहवालाच्या दोन पानांपैकी एकच पान, तपासणी केंद्राने पाठविलेली व आता न उघडणारी लिंक आणि नातेवाइकांच्या तीन-चार गटांतून फिरून आलेला संदेश, एवढेच साहित्य पुष्कळदा हाती लागते. त्यावर आपण चिकित्सेचा निर्णय घेतो. शिवाय तेच साहित्य आपल्या मोबाईलवर मागवून घेतो आणि तेथेच राहू देतो. या दोन्ही गोष्टी बंद झाल्या पाहिजेत. मूळ प्रतिमा रुग्णाच्या ताब्यात असावी. वैद्याने ती रुग्णाच्या अनुमतीने, ठरावीक कामापुरती व मूळ स्वरूपात पाहावी. आणि स्वतःकडे ठेवणे भाग असेल तर ती रुग्णाच्या दप्तरात ठेवावी, खिशातल्या मोबाईलमध्ये ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे देत आहे.

आवरणापलीकडचे दर्शन

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांची परीक्षा करणाऱ्या वैद्याला यंत्राच्या चित्राची गरज काय, असे आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी आजही विचारतात. प्रश्न आदराने घ्यावा असाच आहे. परंतु त्याचे उत्तर संहितेतच सापडते. विद्यमान वस्तूसुद्धा प्रत्यक्षाला का दिसत नाही, याची आठ कारणे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात दिली आहेत. वस्तू फार जवळ असणे, फार दूर असणे, आवरण, इंद्रियांचे दौर्बल्य, मनाची अस्थिरता, सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, प्रबळ वस्तूमुळे झाकोळणे आणि अतिसूक्ष्मता ही ती कारणे होत. वृक्कातील अश्मरी डोळ्यांना दिसत नाही ती आवरणामुळे. १८९५ साली विल्हेल्म रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा या आठांपैकी एका अडथळ्यावर मनुष्याला उपाय सापडला. यंत्राने दिलेली प्रतिमा ही अशा रीतीने प्रत्यक्षाचीच वाढवलेली कक्षा आहे. तिचा स्वीकार करण्यात शास्त्राशी प्रतारणा होत नाही.

तथापि प्रतिमा म्हणजे रुग्ण नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगावयास हवे. कंबरदुखीचे उदाहरण घ्या. पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधील चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के व्यक्तींत, तर ऐंशीच्या घरातील ९६ टक्के व्यक्तींत आढळली. चकती बाहेर फुगल्याचे प्रमाण याच वयांत अनुक्रमे ३० व ८४ टक्के होते. आता कल्पना करा की एखाद्या पस्तिशीतल्या शिक्षकाला त्याचा एम.आर.आय. अहवाल रात्री मोबाईलवर मिळतो. त्यात ‘डिस्क बल्ज’ आणि ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ हे शब्द असतात. आपल्या दवाखान्यात येईपर्यंत त्याने स्वतःला अर्धांगाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवलेले असते. अहवाल थेट रुग्णाच्या हाती पडणे योग्यच आहे, तो त्याचा हक्क आहे; पण त्याचबरोबर त्या अहवालाचा अर्थ लावून देणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. वेदना कोठे सुरू होते, कोठवर जाते, पाय सरळ उचलल्यावर काय होते, मलप्रवृत्ती व निद्रा कशी आहे, हे पाहिल्याविना ती प्रतिमा मुकी असते. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेशी तिची सांगड घालणे हे वैद्याचेच काम आहे.

फोटोचा फोटो

सांगड घालावयाची तर जी वस्तू पाहावयाची ती अस्सल हवी. येथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे.

रुग्णालयांतील प्रतिमा ज्या स्वरूपात साठविल्या जातात त्याला ‘डायकॉम’ म्हणतात. अमेरिकेतील रेडिओलॉजी तज्ज्ञांची संस्था आणि विद्युत उपकरणे बनविणाऱ्यांची संघटना यांनी मिळून १९८५ मध्ये या मानकाची पहिली आवृत्ती काढली. डायकॉम हे नाव त्याला १९९३ मध्ये मिळाले. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांची भाषा समजून घ्यावी, हा त्यामागील हेतू. आज जगभर हेच मानक वापरले जाते. डायकॉम फाइलमध्ये प्रतिमेबरोबर रुग्णाचे नाव, वय, तपासणीची तारीख, केंद्राचे नाव आणि यंत्राची मापे नोंदलेली असतात.

सी.टी. स्कॅनच्या एका छेदात सामान्यतः ५१२ गुणिले ५१२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला घनतेचा एक अंक असतो. पाण्यासाठी शून्य, हवेसाठी उणे एक हजार आणि हाडासाठी कित्येक शतके, असे हे मोजमाप सी.टी. स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखले जाते. अशा चार हजारांहून अधिक पायऱ्या मूळ फाइलमध्ये असतात. फोटोत करड्या रंगाच्या जेमतेम २५६ छटा मावतात. म्हणूनच तज्ज्ञ एकच छेद कधी फुप्फुसासाठी, कधी मांसासाठी, कधी हाडासाठी वेगवेगळ्या उजेडात पाहतो. फिल्मवर यांपैकी एखाद-दुसरीच बाजू छापलेली असते आणि फिल्मच्या फोटोत तीही धूसर होते. त्यातच व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविताना फाइल आणखी दाबली जाते. अश्मरी सहा मिलिमीटरची की नऊ मिलिमीटरची, हे अशा फोटोवर मोजता येत नाही. तिच्या घनतेवरून ती कोणत्या जातीची असावी याचा जो अंदाज मूळ प्रतिमेवरून बांधता येतो, तोही येथे बांधता येत नाही.

सोनोग्राफीची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे तपासणी चालू असताना डॉक्टर जे पाहतो त्यातील निवडक क्षणच जतन होतात. त्यामुळे सोनोग्राफीत चित्रापेक्षा तपासणाऱ्याचा लेखी अहवाल अधिक मोलाचा असतो. दोन वेगळ्या केंद्रांतील दोन चित्रे शेजारी ठेवून ‘गाठ कमी झाली’ असे म्हणणे धाडसाचे ठरते. शक्य तर त्याच केंद्रात, तशाच तयारीने फेरतपासणी करण्यास रुग्णास सांगावे.

मूळ प्रतिमा कोठे असते?

बहुतेक रुग्णांना हे ठाऊकच नसते. तपासणी केंद्राच्या संगणकावर ती असते. केंद्र रुग्णाला फिल्म देते, पूर्वी सी.डी. देत असे, अलीकडे अहवालावर छापलेला क्यू.आर. कोड किंवा मोबाईलवर लिंक देते. यांपैकी एकही साधन कायमचे नाही. उष्णतेवर छापलेली फिल्म उन्हात किंवा गरम जागी काळवंडते. सी.डी. वाचण्याची सोय नव्या संगणकांत बहुधा नसते. लिंकची मुदत केंद्रागणिक वेगळी असते आणि ती संपल्याचे रुग्णाला कळते ते नेमके गरज पडल्यावर.

याचा भार शेवटी रुग्णावर पडतो. जुनी प्रतिमा मिळत नाही म्हणून नवी काढली जाते. एम.आर.आय. व सोनोग्राफीत हा भार खिशाला जाणवतो. सी.टी. स्कॅनमध्ये तो शरीरालाही सोसावा लागतो, कारण पोटाच्या एका सी.टी. स्कॅनमधील किरणांची मात्रा छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राच्या ढोबळ मानाने शंभरेक पट असते. केवळ आधीची फाइल हरवली म्हणून ही मात्रा दुसऱ्यांदा देणे कोणत्याही पॅथीच्या नीतीत बसत नाही.

म्हणून पहिला सल्ला तपासणीला पाठवितानाच द्यावा. ‘अहवालाबरोबर मूळ डायकॉम प्रतिमा मागून घ्या आणि लिंक आली तर त्याच आठवड्यात उतरवून ठेवा,’ हे वाक्य चिठ्ठीवर लिहावे. एक प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर व एक स्वतःच्या, पासवर्ड असलेल्या ऑनलाइन साठ्यात, अशा दोन जागी ती असावी. केंद्राने टाळाटाळ केल्यास रुग्णाला सांगावे की रुग्णाने मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असे आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेच्या नियमांत नमूद आहे. चिकित्सेच्या चतुष्पादांत आतुराचे जे गुण सांगितले आहेत त्यांत स्मृती आणि ज्ञापकत्व हे दोन आहेत. आपल्या व्याधीचा इतिहास आठवणे आणि तो वैद्याला नीट सांगता येणे, असा त्यांचा अर्थ. मूळ प्रतिमा जपून ठेवणारा रुग्ण हे दोन्ही गुण नव्या साधनांनी पाळत असतो. त्याला त्यासाठी समर्थ करणे हे आपले काम आहे.

उघडी कपाटे

आता दुसरी बाजू. जे सहज पाठविता येते ते सहज फुटतेही.

जर्मनीतील ग्रीनबोन नेटवर्क्स या संगणक-सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. ५२ देशांतील सुमारे २ कोटी ४० लाख रुग्णनोंदी इंटरनेटवर कोणालाही पाहता येतील अशा अवस्थेत तिला आढळल्या. काही महिन्यांनी झालेल्या फेरपाहणीत भारताचा आकडा सुमारे १० लाख नोंदी व १२ कोटी प्रतिमांपर्यंत गेला होता. भारतीय राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. यासाठी कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेलेच नव्हते. रुग्णालयाच्या चार भिंतींत वापरण्यासाठी बनविलेले प्रतिमा-संगणक पासवर्ड न घालता थेट इंटरनेटला जोडले गेले होते. प्रत्येक डायकॉम फाइलमध्ये रुग्णाचे नाव असते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्काळजीपणाचा अर्थ कळतो. पुढे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने करावे लागले. देशातील अग्रगण्य संस्थेची ही स्थिती, तर एका खोलीत दवाखाना चालविणाऱ्याने अधिकच सावध राहावयास हवे.

मोठ्या संस्थांकडे बोट दाखविताना आपले घरही पाहू. वैद्यांचे व्हॉट्सॲप गट आज गावोगावी आहेत. एखाद्या अवघड रुग्णाविषयी तेथे विचारणा होते, ज्येष्ठांचे मार्गदर्शन मिळते, तरुण वैद्याचे त्यातून शिक्षण होते. हा लाभ मोठा आहे. परंतु त्याच गटावर कोपऱ्यात नाव, वय व केंद्राचे नाव छापलेले स्तनांचे, गर्भाशयाचे किंवा वृषणांचे सोनोग्राफी चित्र दोनशे मोबाईलवर जाऊन पडते, तेव्हा त्या व्यक्तीला आपण विचारलेले असते काय? तालुक्याच्या गावात नाव आणि वय पुरेसे असते. पुढचे लोक जोडून घेतात. विवाह ठरायच्या मुलीच्या गर्भाशयाचा अहवाल गावात फिरला, तर होणारे नुकसान कोणत्याही औषधाने भरून निघणार नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे पुष्कळ मोबाईलमध्ये आपोआप साठतात, घरच्या सहलीच्या फोटोंशेजारी बसतात आणि मोबाईल खेळायला घेतलेल्या नातवालाही दिसतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य जे नियम घालून देतात, त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत असा स्पष्ट नियम आहे. त्या काळी वैद्य रुग्णाच्या घरी जात असे. आज रुग्णाच्या शरीराची अंतर्गत चित्रे वैद्याच्या खिशात येतात. नियम तोच आहे. जपावयाची वस्तू मात्र अधिक नाजूक झाली आहे.

कायद्याची चौकट

ज्यांना शास्त्राज्ञा पुरेशी वाटत नाही त्यांच्यासाठी राजाज्ञाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचा असून मुख्य कर्तव्यांसाठी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांचा अवधी ठेवलेला आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगणे, त्या कामापुरतीच ती वापरणे आणि तिचे वाजवी रक्षण करणे, हा त्याचा गाभा. रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दवाखान्याला एवढा दंड होईल असे भय घालण्याचा माझा हेतू नाही. पण ‘मी तर साधा वैद्य आहे, मला हे लागू नाही’ ही समजूत चुकीची आहे.

दूरस्थ सल्ल्याबाबत आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी एप्रिल २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. दूरवरून सल्ला देताना जे अहवाल व प्रतिमा विचारात घेतल्या, त्यांची नोंद चिकित्सकाने ठेवली पाहिजे. ‘पाहिले आणि पुसून टाकले’ हेही म्हणूनच पुरेसे नाही. केस पेपरवर तपासणीची तारीख, केंद्र, निष्कर्ष व आपण काय पाहिले हे लिहावे. प्रत ठेवायची ती दवाखान्याच्या संगणकावर, रुग्णाच्या नावाच्या कप्प्यात, पासवर्डखाली ठेवावी आणि मग मोबाईलवरील प्रत काढून टाकावी.

एका बाबतीत मात्र कसलीही सवलत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्रीय कायदा १९९४ साली झाला. गर्भवतीच्या सोनोग्राफीची चित्रे मोबाईलवर पाठवून ‘जरा पाहून सांगा’ अशी गळ घातली जाते. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने गर्भाचे लिंग कोणीही कोणालाही सांगणे हा गुन्हा आहे. ‘कोणीही’ यात वैद्य, औषधालयचालक आणि काउंटरवरचा मुलगा हे सर्व आले. अशा चित्रावर उत्तर एकच असावे: अहवाल घेऊन प्रत्यक्ष या, गर्भिणी परिचर्येविषयी बोलू.

आभा: उपयोग आणि मर्यादा

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२० रोजी काही केंद्रशासित प्रदेशांत सुरू केलेला प्रयोग २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर लागू झाला. त्यात नागरिकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो. या रचनेतील दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली, नोंदी एका मध्यवर्ती कोठारात जमा होत नाहीत. ज्या ठिकाणी तयार झाल्या तेथेच राहतात व आभाला केवळ जोडल्या जातात. दुसरी, चिकित्सकाने मागणी केल्यावर रुग्ण कोणत्या कारणासाठी, कोणत्या नोंदी आणि किती काळ दाखवायच्या हे ठरवितो आणि दिलेली अनुमती मागेही घेऊ शकतो. व्हॉट्सॲपवर एकदा पाठविलेले परत येत नाही. येथे दार बंद करण्याची सोय रुग्णाच्या हाती आहे. चिकित्सकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आयुष चिकित्सकांनाही नाव नोंदविता येते. आपण त्यात मागे राहिलो, तर उद्या रुग्णाच्या नोंदी सर्वांना दिसतील आणि वैद्याला मात्र तोच फोटोचा फोटो पाहावा लागेल.

मर्यादाही लपवू नयेत. बहुतांश ठिकाणी जोडला जातो तो लेखी अहवाल. शेकडो छेदांची मूळ प्रतिमा क्वचितच जोडली जाते. एका छेदाला अर्धा मेगाबाइट धरला तरी चारशे छेदांच्या स्कॅनला दोनशे मेगाबाइट लागतात आणि मेळघाटात किंवा कोकणातल्या वाडीवर तेवढी फाइल उतरविणे आजही कष्टाचे आहे. वृद्ध रुग्णांचा मोबाईल मुलाच्या किंवा सुनेच्या हाती असतो. तेव्हा ‘अनुमती’ नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो. अशा वेळी मोबाईलवरचे बटण दाबले गेले एवढ्यावर समाधान न मानता रुग्णालाच विचारावे. आभा काढणे ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून चिकित्सा नाकारणे किंवा ते काढण्यासाठी रुग्णाला भाग पाडणे अनुचित आहे.

औषधालये आणि फार्मसीधारकांना विनंती

हा विषय केवळ वैद्यांचा नाही. औषधालयाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर चिठ्ठीबरोबर अख्खा अहवाल येऊन पडतो. औषध देण्यासाठी चिठ्ठी पुरेशी आहे. अहवाल आला तर ‘याची गरज नाही, आम्ही तो काढून टाकत आहोत’ असे कळवून तो काढावा. दुकानाचा मोबाईल दुकानाचाच असावा. नोकरी सोडून जाणाऱ्या मुलाच्या खासगी मोबाईलमध्ये पाचशे रुग्णांचे कागद जाता कामा नयेत. अहवालाचे चित्र पाहून काउंटरवर औषध सुचविणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे.

निर्मात्यांना आणखी एक सांगणे आहे. ‘औषधापूर्वी’ आणि ‘औषधानंतर’ अशी दोन सोनोग्राफी चित्रे शेजारी छापून अश्मरी विरघळल्याची जाहिरात करण्याचा मोह अनेकांना होतो. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात पित्ताशय, वृक्क व मूत्राशय यांतील अश्मरीचा समावेश आहे. तिच्या उपचाराची अशी जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ती चित्रे एका रुग्णाच्या शरीराची आहेत. त्याने ती बरे होण्यासाठी दिली होती, कोणाचा माल खपविण्यासाठी दिली नव्हती.

शास्त्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न

येथे कोणी म्हणेल की, एवढी बंधने पाळली तर आयुर्वेदाचे यश जगापुढे मांडायचे कसे? माझ्या मते ते याच मार्गाने मांडता येईल. अश्मरी पडून गेली, ग्रंथी लहान झाली, गृध्रसीचा रुग्ण शस्त्रकर्माविना चालू लागला, असे अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठी आहेत. ते संमेलनांत सांगितले जातात, टाळ्या मिळतात आणि तेथेच संपतात. बाहेरचा चिकित्सक पहिला प्रश्न विचारतो तो मूळ प्रतिमांचा. तपासणी कोणत्या तारखेला झाली, यंत्र तेच होते का, दोन्ही वेळा मोजणारा एकच होता का, मोजणाऱ्याला चिकित्सेची कल्पना होती का? आपल्याजवळ असतो तो मोबाईलवरचा धूसर फोटो. यशाचा दावा खरा असूनही पुराव्याअभावी खोटा ठरतो आणि खोटे दावे करणाऱ्यांच्या रांगेत प्रामाणिक वैद्य उभा राहतो.

चिकित्सेपूर्वीची व नंतरची मूळ प्रतिमा रुग्णाजवळ सुरक्षित असेल, तिच्या वापराला त्याची लेखी संमती असेल आणि प्रसिद्धीपूर्वी नाव व अन्य ओळख प्रतिमेवरून आणि फाइलच्या आतील नोंदीतूनही काढून टाकलेली असेल, तर त्या एका रुग्णाचा वृत्तांत शंभर टाळ्यांहून अधिक वजनाचा ठरेल. फरक पडला नाही असे प्रतिमेने सांगितले, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल. ज्या शास्त्राने आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष व अनुमान यांनाही प्रमाण मानले, त्याच्या अनुयायांनी याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

संघटनेने काय करावे

सदस्य एकेकटे प्रयत्न करतील, पण काही कामे संघटनेनेच हाती घ्यावयास हवीत. पहिले काम, अनुमतिपत्राचा एक साधा मराठी नमुना तयार करावा. त्यात प्रतिमा पाहणे, ती सहकाऱ्याला दाखविणे, अध्यापनासाठी वापरणे आणि प्रसिद्ध करणे या चार गोष्टींसाठी चार वेगळ्या सह्या असाव्यात, म्हणजे एकीच्या आडून दुसरी उरकली जाणार नाही. दुसरे, संघटनेच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप गटांसाठी नियम करावा की नाव दिसणारी प्रतिमा पाठविणाऱ्याला एकदा सूचना द्यावी व पुन्हा तसे घडल्यास गटातून वगळावे. तिसरे, जिल्हा शाखांनी वर्षातून एकदा स्थानिक रेडिओलॉजिस्टना बोलावून कार्यशाळा घ्यावी. डायकॉम फाइल उघडणारे विनामूल्य प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. ते कसे वापरावेत आणि अहवालातील कोणत्या शब्दाला किती महत्त्व द्यावे, हे दोन तासांत शिकता येते. याच निमित्ताने तपासणी केंद्रांशी बोलून रुग्णाला मूळ प्रतिमा मागताच मिळावी आणि लिंकची मुदत अहवालावर ठळक छापावी, असा आग्रह धरावा. चौथे, आपल्या अनुभवी सदस्यांनी रुग्णवृत्तांत लिहावेत आणि ते स्वीकारताना या त्रैमासिकाने मूळ प्रतिमा व संमतिपत्र पाहिल्याविना ‘आधी-नंतर’ चित्रे छापू नयेत.

यांतील कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही. दवाखान्यात उद्या सकाळपासून करण्याजोगी गोष्ट तर याहूनही लहान आहे. मोबाईल उघडावा, त्यात साठलेली रुग्णांची चित्रे शोधावीत, ज्यांची दप्तरात गरज आहे ती दप्तरात न्यावीत आणि उरलेली काढून टाकावीत. अर्ध्या तासाचे काम आहे. ते झाल्यावर पुढचा रुग्ण मोबाईल पुढे करून “डॉक्टर, पाठवून ठेवू का?” असे विचारील, तेव्हा त्याला आधी बसावयास सांगावे, प्रतिमा त्याच्याच मोबाईलवर त्याच्यासमोर पाहावी आणि तिचा अर्थ त्याला समजावून सांगावा.

वैद्य बंधु-भगिनींनी आणि औषधालयचालकांनी या सूचनांवर आपापल्या शाखांत चर्चा करावी व आपली मते संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावीत, ही विनंती.